वर्दीतलं संगीत : जर्मन लष्करी बँडची गोष्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानांपैकी एका व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलं तसंच बरचसं ठेवलं आहे.)



मागच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, ‘रविवारी काकांचं जर्मन बँडबाजावर भाषण, नंतर चहा’. त्यावर लगेच कुणीतरी विचारलं, वरात कुठून निघणार? मी वाचलं आणि हसलो. पण खरं सांगू, थोडं लागलंही. आयुष्याची सव्वीस वर्षं मी सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवला. पेन्शनीत निघालो, या सोसायटीत आलो आणि ‘बी’ विंगचा ‘बँडवाले काका’ झालो. माझी तक्रार नाही, लहान मुलं प्रेमानेच म्हणतात. पण आपल्याकडे बँड म्हटलं की लग्न, लाल कोट आणि पेट्रोमॅक्स एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याच शब्दाचा दुसरा एक अर्थ मला आज सांगायचा आहे, आणि तोही माझ्या पलटणीचा नाही, परक्या देशाचा. कारण आपल्या घरचं नीट दिसायला कधी कधी दुसऱ्याच्या खिडकीतून बघावं लागतं.

माझी मुलगी बॉनजवळ राहते. बॉन म्हणजे पूर्वीच्या पश्चिम जर्मनीची राजधानी. ऱ्हाईन नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की सिगबुर्ग नावाचं गाव लागतं. जर्मन सैन्याचा जो मुख्य कॉन्सर्ट बँड आहे, ‘मुझीककोर डेर बुंडेसवेअर’, तो या गावातल्या बराकीत राहतो. बुंडेसवेअर म्हणजे त्यांचं आजचं सैन्य. हा बँड 1957 साली उभा राहिला. तेव्हा राजधानी बॉनला होती, त्यामुळे परदेशी पाहुणा आला की विमानतळावर, राष्ट्रपतींच्या बंगल्यासमोर यांनीच उभं राहायचं आणि पाहुण्याचं राष्ट्रगीत वाजवायचं. पुढे भिंत पडली, देश एक झाला, राजधानी बर्लिनला गेली. तिथे मानवंदनेसाठी वेगळा बँड झाला. सिगबुर्गच्या बँडकडे मुख्यतः सभागृहातल्या मैफिली राहिल्या. सांगायचं काय, की हा काही कवायतीच्या पुढे चालणारा पंधरा-वीस जणांचा ताफा नव्हे. बासरी, ओबो, बसून, क्लॅरिनेटांची लांबलचक रांग, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा, मागे तालवाद्यांचा मोठा गोतावळा आणि जोडीला एखादा उभा डबल बास. व्हायोलिन सोडलं तर सिंफनी ऑर्केस्ट्राच म्हणा. व्हायोलिनचं काम आम्ही क्लॅरिनेटवाल्यांनी करायचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्यात आमचा मान आहे.

त्यांच्याकडे असे बँड बरेच आहेत. भूदलाचे उल्म, कासेल, हॅनोव्हर अशा शहरांत, हवाईदलाचे म्युन्स्टर आणि एरफुर्टला, नौदलाचे कील आणि विल्हेल्म्सहाफेनला. बव्हेरियात आल्प्सच्या पायथ्याशी डोंगरी फौजेचा आहे. शिवाय ऑयस्किर्शेनला एक बिग बँड आहे, म्हणजे जॅझ आणि नाचगाणी वाजवणारा. ही कल्पना हेल्मुट श्मिट यांची. 1971 साली ते संरक्षणमंत्री होते, पुढे चॅन्सेलर झाले. तरुण पोरं मार्च ऐकून पळून जातात हे त्यांनी ओळखलं होतं.

आता जरा मागे जाऊ. या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे विल्हेल्म वीप्रेख्त. जन्म 1802. गंमत अशी की हा माणूस लढाऊ शिपाई नव्हता, मुळात व्हायोलिन वाजवणारा. पण प्रशियाच्या फौजेतले बँड ऐकून तो अस्वस्थ झाला. त्या काळची पितळी वाद्यं म्हणजे नुसत्या नळ्या. आपली तुतारी घ्या. तीत मोजकेच सूर निघतात, मधले निघतच नाहीत. त्या सुमारास नळीला झडपा बसवायची युक्ती निघाली. बोटाने झडप दाबली की हवेचा रस्ता लांबतो आणि सूर खाली उतरतो. वीप्रेख्तने ही युक्ती पूर्ण फौजेत आणली. खर्जाला भरीव आवाज मिळेना म्हणून 1835 साली मोरित्झ नावाच्या वाद्यकाराबरोबर त्याने बास ट्यूबाचं पेटंट घेतलं. आज जगातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात मागे बसून जो माणूस ते अजस्र पितळी वाद्य मांडीवर घेतो, ते वाद्य एका बँडमास्तराच्या गरजेतून जन्मलं आहे.

आणि फौजेच्या बँडमध्ये जो मोठा ढोल, झांजा, त्रिकोण असतात, ते कुठून आले? तुर्कांकडून. ऑटोमन सुलतानांची जानिसारी फौज नगारे, झांजा आणि सनईच्या जातीची वाद्यं वाजवत चाल करून यायची. युरोपाने त्यांच्याशी लढाया केल्या आणि त्यांची वाद्यं घरी नेली. जर्मन बँड चालतो तेव्हा सर्वांत पुढे एक जण उंच काठी धरून चालतो. काठीला चंद्रकोर, घुंगरं आणि दोन्ही बाजूंना घोड्याच्या शेपटीचे गोंडे. त्याला ते ‘शेलनबाऊम’ म्हणतात, घुंगरांचं झाड. ते तुर्कांचंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्या पालखीपुढची अब्दागिरी आठवली.

तर हा वीप्रेख्त. 1838 साली रशियाचा झार बर्लिनला आला. त्याच्या स्वागतासाठी 12 मे रोजी वीप्रेख्तने एक हजाराहून जास्त वादक आणि दोनशे ढोलवाले एकत्र उभे केले आणि संध्याकाळच्या लष्करी सलामीचा एक मोठा कार्यक्रम रचला. त्याचं नाव ‘ग्रोसर त्साप्फेनश्ट्राईख’. नाव जड आहे, अर्थ अगदी गुत्त्यातला आहे. ‘त्साप्फेन’ म्हणजे पिंपाचं बूच. रात्र झाली की अधिकारी छावणीतल्या गुत्त्यांवर फिरायचा, पिंपाच्या बुचावर काठी मारायचा, म्हणजे दारू बंद, शिपायांनी झोपायला जायचं. तो काठीचा फटका म्हणजेच ‘श्ट्राईख’. इंग्रजीतला ‘टॅटू’ हा शब्दही डच भाषेतून असाच आला, नळ बंद करा म्हणून. आणि आपण 29 जानेवारीला दिल्लीत विजय चौकातला ‘बीटिंग रिट्रीट’ टीव्हीवर बघतो, तोही याच भाऊबंदकीतला. सूर्य मावळला, फौज मागे घ्या, निशाण उतरवा. फरक एवढाच की आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा शेवट असतो आणि जर्मनीत तो बहुधा एका माणसाचा निरोप असतो.

राष्ट्रपती, चॅन्सेलर, संरक्षणमंत्री किंवा बडा सेनापती पदावरून उतरला की त्याला हा मान मिळतो. रात्री, मशालींच्या उजेडात. बीथोव्हेनने रचलेल्या मार्चवर फौज आत येते. आधी काही धून वाजवतात, त्या पाहुण्याने स्वतः निवडलेल्या. मग मुख्य भाग. त्यात शिरस्त्राण उतरवायचा हुकूम होतो आणि प्रार्थनेची धून वाजते. ही प्रार्थना प्रशियाच्या राजाने रशियन सैनिकांना संध्याकाळी छावणीत गाताना ऐकून 1813 साली सुरू केली आणि आज जी धून वाजते तिचा संगीतकारही रशियाच्या दरबारातला, बोर्तन्यान्स्की. नेपोलियनच्या युद्धात ते मित्र होते. पुढे काय काय झालं ते आपण जाणतो. धून मात्र तशीच राहिली आहे.

सगळ्यांत गमतीचा भाग म्हणजे या निवडलेल्या धून. त्यावर जर्मनीतल्या वर्तमानपत्रांत दिवसच्या दिवस चर्चा चालते. श्र्योडर यांनी 2005 साली ‘माय वे’ वाजवायला सांगितलं आणि ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. फोन डेर लायन बाईंनी ‘विंड ऑफ चेंज’ निवडलं. गुटेनबर्ग नावाचे संरक्षणमंत्री होते, त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध दुसऱ्यांच्या लिखाणातून उचललेला निघाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी निरोपाला ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे रॉक गाणं सांगितलं. गिटारवर कान फाडणारं ते गाणं मार्चिंग बँडने निमूट वाजवलं. 2012 साली राष्ट्रपती वुल्फ यांनी वादात सापडून राजीनामा दिला. यांना एवढा मान कशाला, म्हणून लोकांनी बाहेर उभं राहून व्हुव्हुझेला फुंकले. फुटबॉलच्या मैदानावर वाजतात ते प्लास्टिकचे भोंगे. आत सैन्याचा बँड, बाहेर जनतेचा. दोन्ही एकदम चालू. मंडळी, मी बँडवाला आहे. त्या वादकांची मला दया आली. पण दुसऱ्या बाजूने विचार केला तर असं वाटतं, की सैनिक वाजवतोय, त्याच्या समोर लोक बेधडक भोंगे फुंकतायत आणि कुणी त्यांना हात लावत नाही. या देशात नव्वद वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं.

आणि मर्केलबाई. 2 डिसेंबर 2021, कोरोनाचे दिवस, मोजकेच पाहुणे. सोळा वर्षं देश चालवलेल्या बाई काळा कोट घालून एकट्या खुर्चीत बसलेल्या. त्यांनी तीन धून निवडल्या. एक जुनं स्तोत्र, एक हिल्डेगार्ड क्नेफचं गाणं आणि तिसरं निना हागेनचं 1974 सालचं. हे तिसरं गाणं पूर्व जर्मनीतलं. सुट्टीवर गेलेली मुलगी मित्रावर चिडली आहे, कारण तो रंगीत फिल्म आणायला विसरला, आता सगळे फोटो कृष्णधवल येणार. वरवर पोरकट गाणं. पण त्या देशातल्या रंगहीन जगण्याबद्दल ते आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळायचं. मर्केलबाई त्याच पूर्व जर्मनीत वाढलेल्या. निना हागेन म्हणजे पुढे पंक संगीतातली मोठी बंडखोर बाई. तिचं गाणं सैन्याच्या बँडसाठी आधी कुणी कशाला लिहून ठेवेल? स्वरलिपी नव्याने लिहावी लागली. मी ते दहादा तरी ऐकलं असेल. झकास लिहिलंय. मर्केलबाईंचे डोळे पाणावलेले कॅमेऱ्यात दिसतात. ज्या पूर्व जर्मनीचं सैन्य या सैन्याच्या समोर बंदूक रोखून उभं होतं, तिथल्या मुलीचं गाणं याच सैन्याने तिला निरोप देताना वाजवलं.

आता थोडं कठीण बोलायचं आहे.

मी मुलीकडे गेलो होतो 2018 च्या डिसेंबरात. नाताळाच्या आधीचे चार रविवार तिकडे ‘अॅडव्हेंट’ पाळतात, घरोघरी मेणबत्त्या लावतात. शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये सैन्याच्या एका बँडची मैफल होती. आत जायला पैसे नाहीत, बाहेर पडताना दारात एक टोपली, त्यात वाटेल ते टाका. ते पैसे मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेला. ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. सैन्याचे बँड वर्षभर गावोगावी अशा मैफिली करतात आणि जमलेले पैसे धर्मादाय कामाला जातात, कधी लहान मुलांच्या हॉस्पिटलला, कधी रेडक्रॉसला, कधी चर्चच्या छपराला. बिग बँडही याच कामासाठी गावच्या चौकात वाजवतो. सैन्य स्वतः त्यातला एक पैसा घेत नाही.

मुलीच्या शेजारी एक वयस्कर बाई राहायच्या. ऐंशीच्या घरात, ताठ, स्वतःची बाग स्वतः करणाऱ्या. रोज सकाळी मला ‘गुटेन मॉर्गेन’ करायच्या. संगीताच्या शौकीन. मला वाटलं यांना घेऊन जाऊ. मुलीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, नाही. मुलीने भाषांतर करून सांगितलं ते असं होतं : माझे वडील मी लहान असताना युनिफॉर्म घालून गेले, रशियातून परत आले नाहीत. ते गेले तेव्हा स्टेशनवर बँड वाजत होता असं आई सांगायची. त्यांनी वाजवावं, छान वाजवतात. पण चर्चमध्ये वाजवायचं असेल तर कोट काढून वाजवावं.

मी गप्प बसलो. सव्वीस वर्षं ज्याने तोच कोट घातला, त्याने काय बोलायचं?

चर्चला आम्ही गेलो. आत अडीचशे-तीनशे लोक, हातात टोप्या आणि मफलर. बँड वेदीसमोर बसला होता. सुरुवातीला नाताळची गाणी, मग एक संथ रचना झाली. तिच्यात क्लॅरिनेटची एक सोलो होती, एका तरुण मुलीने वाजवली. मी डोळे मिटले. तिचा श्वास कुठे घेतला ते मला कळत होतं, इतरांना कळलं नसेल. दगडी कमानींतून तो आवाज परत यायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा. इतकं सुंदर मी आयुष्यात दोन-तीनदाच ऐकलं असेल. तरीही पूर्ण वेळ त्या बाईंचं वाक्य कानात होतं.

त्या बाईंचं म्हणणं त्यांच्या एकट्यांचं नाही. जर्मनीत ते अर्धं सार्वजनिक मत आहे. का, ते समजून घ्यायला हवं. हिटलरच्या राजवटीत मार्च आणि ढोल हे लोकांना एका पावलात चालायला लावायचं हत्यार झालं. रात्री मशाली घेऊन निघणाऱ्या मिरवणुका त्यांच्याच. एक मार्च तर असा होता, बाडेनवाईलर नावाचा, की 1939 मध्ये हुकूमच निघाला : हिटलर स्वतः हजर असेल तेव्हाच तो वाजवायचा. आजही त्याचं नाव निघालं की लोक कान टवकारतात. आणि ऑशविट्झच्या छावणीत कैद्यांचाच बँड बनवला होता. सकाळी मजुरीला जाणाऱ्या कैद्यांनी पावलात पाऊल टाकून फाटकातून बाहेर पडावं म्हणून तो मार्च वाजवायचा. बायकांच्या छावणीतल्या बँडची प्रमुख होती अल्मा रोझे, व्हिएन्नाच्या नामवंत संगीत घराण्यातली व्हायोलिनवादक. ती तिथेच मेली. मार्च हा संगीतप्रकार निष्पाप आहे असं मी पूर्वी समजायचो. ही माहिती वाचल्यावर तसं छातीठोक म्हणता येत नाही.

युद्धानंतर दहा वर्षं जर्मनीला सैन्यच नव्हतं. 12 नोव्हेंबर 1955 ला पहिल्या 101 स्वयंसेवकांना नेमणुकीची पत्रं मिळाली. तेव्हा देशात कित्येक लोक म्हणत होते, आम्हाला सैन्य नको. मग बँड उभा करताना प्रश्न होताच, की वाजवायचं काय? जुने प्रशियन मार्च वाजवले तर लोक दचकणार. नाही वाजवले तर दोनशे वर्षांचा वारसा टाकून द्यायचा. त्यांनी मधला रस्ता काढला. काही जुनं ठेवलं, काही कायमचं कपाटात बंद केलं आणि नवीन भरपूर घेतलं. ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच रचना, सिनेमाचं संगीत, जॅझ. पण वाद मिटला नाही. 1980 साली ब्रेमेनच्या स्टेडियमवर नव्या सैनिकांचा जाहीर शपथविधी होता. बाहेर हजारो निदर्शक, दगडफेक, जाळपोळ. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर 2021 मध्ये, अफगाणिस्तानातली वीस वर्षांची मोहीम संपली म्हणून संसदेच्या इमारतीसमोर त्साप्फेनश्ट्राईख झाला. टीव्हीवर मशाली दिसल्या आणि रातोरात लोकांनी लिहायला सुरुवात केली : राईश्टागसमोर मशाली? आपल्याला काही आठवत नाही का? दुसऱ्या बाजूने सैनिकांच्या घरचे लोक म्हणाले, त्या मोहिमेत आमचे 59 जण गेले, त्यांच्यासाठी एक संध्याकाळ तुम्हाला जड झाली का?

मला दोघांचंही पटतं. पटतं म्हणून अडचण होते.

एक धून आहे, ‘देअर गुटे कामेराड’, म्हणजे चांगला सोबती. शब्द उलांड या कवीचे 1809 चे, चाल झिल्खर यांची 1825 ची. सैनिकाच्या दफनाच्या वेळी एकटा ट्रम्पेट ती वाजवतो. नोव्हेंबरात एका रविवारी युद्धात मेलेल्यांची आठवण काढतात तेव्हाही वाजते. ढोल हळू, कापड टाकल्यासारखा. तो ट्रम्पेटवाला कसा वाजवतो हे विचारू नका. दफनाच्या वेळी वाजवायची धून सर्वांत अवघड, कारण ती सोपी असते. एकही सूर चुकून चालत नाही, ओठ थरथरत असतात, समोर आई उभी असते. मी स्वतः अशा तीन वेळा बँडमध्ये उभा राहिलो आहे, त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

बरं, काल लिफ्टमध्ये एकांनी मला विचारलं, काका, सैन्याने लढावं, बँडवर खर्च कशाला? रास्त प्रश्न आहे. जर्मनीतही हिशोब तपासणारे विचारतात आणि कपात होते, काही बँड बंदही झाले. आधी एक गोष्ट सांगतो. सैन्यातला वादक नुसता वादक नसतो. तिकडे त्याला आधी शिपायाचं मूलभूत शिक्षण घ्यावं लागतं. मग ड्युसेलडॉर्फजवळ हिल्डेनला त्यांचा प्रशिक्षणाचा बँड आहे, तिथून ड्युसेलडॉर्फच्या रॉबर्ट शुमान संगीत महाविद्यालयात पदवी घ्यायची. आणि लढाई झाली तर वादकांनी वैद्यकीय पथकाला मदत करायची, जखमींना उचलायचं, मलमपट्टी करायची. आपल्याकडेही बँडवाल्यांचं युद्धातलं काम तेच आहे, स्ट्रेचर वाहायचं. हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बघा, दोन. त्यातले एक माझे व्याही आहेत. कोरोनात तिकडच्या वादकांना आरोग्य खात्याच्या मदतीला लावलं होतं. फोन करून विचारायचं, तुम्ही कुणाकुणाला भेटलात? ट्रॉम्बोनवाला माणूस फोनवर लोकांच्या शिव्या खातोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. आणि हेही सांगायला हवं, की जर्मन सैन्यात स्त्रियांना सगळीकडे प्रवेश 2001 पासून मिळाला, पण सैनिक म्हणून बँडचं दार त्यांना 1991 मध्येच उघडलं होतं. चर्चमधल्या त्या मुलीच्या हातात क्लॅरिनेट आली त्यामागे हा इतिहास आहे.

पण खर्चाच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर वेगळंच आहे, आणि ते हिंडेमिटचं आहे. पाऊल हिंडेमिट, विसाव्या शतकातला जर्मनीचा मोठा संगीतकार. पहिल्या महायुद्धात तो पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. त्याच्या कमांडरला संगीताचं वेड. म्हणून चार जणांनी फावल्या वेळात त्याला क्वार्टेट वाजवून दाखवायचं. 1918 चा मार्च महिना. ते देब्युसीचं क्वार्टेट वाजवत होते. देब्युसी फ्रेंच. फ्रान्स शत्रू. मध्येच रेडिओ अधिकारी आला आणि म्हणाला, देब्युसी वारला म्हणून बातमी आली आहे. त्यांनी तिथेच वाजवणं थांबवलं. पूर्ण केलं नाही. हिंडेमिटने पुढे लिहून ठेवलंय की संगीत हे देशांच्या सीमा आणि द्वेषाच्या पलीकडचं आहे हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. 1926 साली त्याने लष्करी बँडच्या धर्तीच्या वाद्यमेळासाठी खास मैफिलीचं संगीत लिहिलं. पुढे नाझींनी त्याला दूषित ठरवलं आणि त्याला देश सोडावा लागला. आज जर्मनीतले वाद्यमेळ त्याची ती रचना मानाने वाजवतात.

आपलाही एक धागा तिकडे आहे, तो सांगून टाकतो. ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजवलं गेलं ते हॅम्बुर्गमध्ये, 11 सप्टेंबर 1942 रोजी, सुभाषबाबू समोर बसले असताना. ते रेडिओच्या वाद्यवृंदाने वाजवलं, सैन्याच्या बँडने नव्हे. स्वातंत्र्य यायला पाच वर्षं होती आणि यजमान कोण होते हे काही सांगायला नको. त्या संध्याकाळीही चांगलं आणि वाईट एकाच दिवाणखान्यात बसलं होतं. आज आपला पंतप्रधान बर्लिनला गेला की तेच गीत तिथला सैन्याचा बँड अंगणात उभा राहून वाजवतो. मी व्हिडिओ बघतो तेव्हा आधी क्लॅरिनेटवाले बघतो. आमच्यापेक्षा जरा घाईने वाजवतात.

शेजारच्या बाईंचं राहिलं. मैफलीहून परतलो तर त्यांच्या खिडकीत दिवा होता. मुलीने सांगितलं, त्यांनी दुपारीच तिच्या हातात एक पाकीट दिलं होतं, टोपलीत टाक म्हणून. पन्नास युरो होते. त्या आल्या नाहीत, पण पैसे दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, कसं झालं? मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, फार सुंदर. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, हो, मला माहीत आहे, मी खिडकी उघडी ठेवली होती. चर्च तिथून बरंच लांब. ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. मी काही बोललो नाही.

चहा तयार आहे असं सेक्रेटरी खुणेने सांगतायत. दोन मिनिटं द्या. मुलाने माझा मोबाईल स्पीकरला जोडून ठेवला आहे. मर्केलबाईंच्या निरोपातलं ते रंगीत फिल्मचं गाणं लावतो. चार मिनिटं सुद्धा नाही. सुरुवात फार हळू आहे, म्हणून पंखे बंद करा आणि कृपा करून खुर्च्या सरकवू नका. क्लॅरिनेट कुठे येते ते मी हात वर करून दाखवीन.